सात नंबर, अकरा नंबर आणि साडेपाचची एसटी

संगणकाच्या पडद्यावर सात नंबरपुढे आकडा होता, दहापुढे आकडा होता, अकरापुढे मात्र ‘एनए’ अशी दोन अक्षरं आली होती. पीटी सर माझ्या खुर्चीमागे उभं राहून वाचत होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, हे एनए म्हन्जे काय जी? या पोरीचा टीमले काहीच उपेग नाई काय?”

एनए म्हणजे ‘नॉट अवेलेबल’, आकडा काढता आला नाही एवढंच. पण त्या प्रश्नाने मी हादरले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची यादी जाणार होती. चौदा मुली, बारा जागा. अकरा जणींबद्दल सरांच्या मनात शंका नव्हती. बारावी जागा सात नंबरला की अकरा नंबरला, एवढंच ठरायचं राहिलं होतं. त्या क्षणी मी खोलीत नसते, तर अकरा नंबरचं नाव कटलं असतं, आणि कारण म्हणून ‘कॉम्प्युटरनं सांगितलं’ असं तिला ऐकावं लागलं असतं.

मी वरुड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. शेजारच्या शाळेत सिमेंटचं एक बास्केटबॉल मैदान आहे, पाऊस पडला की त्यावर पाय ठरत नाही. चहुबाजूंनी संत्र्याचे बगीचे. इथल्या पोरी कबड्डी, खो-खो खेळतच मोठ्या होतात, बास्केटबॉल त्यांना आठवीत-नववीत कळतो. सतरा वर्षांखालच्या मुलींची टीम जिल्ह्याला न्यायची होती आणि सरांना निवडीवरून गावात कुरकुर नको होती. “आकड्यानं निवडून द्या,” असं ते म्हणाले. मला काम मनापासून आवडलं, म्हणून मी हो म्हटलं.

आमच्याकडे निवड गुणांवर होते. जिने जास्त बास्केट टाकले ती चांगली. पण चेंडू अडवणारी, धावत मागे येणारी, सहकारी मुलीला मोकळी जागा करून देणारी या हिशेबात कुठेच दिसत नाही. त्यावर जुना उपाय म्हणजे प्लस-मायनस. मुलगी मैदानात असताना आपल्या टीमने किती गुण केले, समोरच्यांनी किती केले, त्यांची वजाबाकी. ही पद्धत मूळची आइस हॉकीतली. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ती २००७-०८च्या हंगामापासून सामन्याच्या अधिकृत तक्त्यात छापली जाते.

तिची खोट लगेच लक्षात येते. चार तगड्या मुलींसोबत पाचवी कोणीही उभी केली, तरी तिचा आकडा फुगतो. म्हणून २००४ साली डॅन रोझेनबॉम या अर्थशास्त्रज्ञाने ‘ॲडजस्टेड प्लस-मायनस’ची आकडेमोड मांडली. सामन्याचे तुकडे पाडायचे. एक बदली झाली की तुकडा संपला, दुसरा सुरू. प्रत्येक तुकड्यात मैदानावर नेमक्या कोणत्या दहा जणी होत्या आणि गुणांचा फरक किती पडला, हे लिहायचं. एका बाजूच्या पाच जणींना अधिक एक, दुसऱ्या बाजूच्या पाच जणींना उणे एक, बाहेर बसलेल्यांना शून्य. असा प्रत्येकीचा एक स्तंभ तयार होतो. मग रिग्रेशन, म्हणजे अनेक कारणांतून एकेकाचा परिणाम वेगळा काढणारी संख्याशास्त्राची पद्धत, लावून प्रत्येकीचा वाटा वेगळा काढायचा. सोबतची कोण आणि समोरची कोण, दोन्हींचा हिशेब त्यात येतो. तुलनेसाठी एकीचा वाटा शून्य धरावा लागतो, आम्ही चार नंबरचा धरला होता.

सरावात आमच्या मुली आपसातच दोन टीम करून खेळत. अकरावीची एक विद्यार्थिनी मैदानाच्या कडेला बसून प्रत्येक बदली आणि प्रत्येक गुण रजिस्टरमध्ये लिही. तिचं रजिस्टर इतकं स्वच्छ होतं, की मला ते संगणकात भरायला काहीच त्रास झाला नाही. आणि तरीही एनए.

मी सरांना म्हटलं, “थांबा सर, एक दाखवते.” दोन स्तंभांची जागा बदलली. अकरा आधी, सात नंतर. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून पुन्हा चालवलं. आता अकरापुढे तोच आकडा आला आणि एनए सातपुढे गेलं.

सर खुर्ची ओढून बसले. “आता हिच्या मांगं लागलं ते!”

मग मी दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी ठेवले. वरपासून खालपर्यंत एकसारखे. सात जिथे, अकरा तिथे. एकही तुकडा असा नव्हता की एक मैदानात आणि दुसरी बाहेर, किंवा दोघी समोरासमोर. संगणकाला त्या दोन मुली दिसतच नव्हत्या, एकच दिसत होती. मग त्याने दुसरा स्तंभ टाकून दिला. आधी कोणती लिहिली, एवढ्यावर ते ठरलं.

“असं काऊन झालं?” असं विचारता विचारताच सरांना उत्तर सापडलं. दोघी एकाच गावच्या. त्यांची साडेपाचची एसटी चुकली तर रात्रीच्या मुक्कामी गाडीशिवाय काही नाही. पोरींना खेळायला मिळावं म्हणून सर रोज दोघींना सुरुवातीलाच एका टीमला उतरवत आणि गाडीची वेळ झाली की एकदमच बाहेर काढत. यात सरांची मायाच होती. बसच्या वेळापत्रकाने आमचं रजिस्टर आंधळं करून ठेवलं होतं.

आता कोणी म्हणेल, रिज रिग्रेशन वापरा. होर्ल आणि केनार्ड यांनी १९७० साली मांडलेली ही पद्धत जोसेफ सिल यांनी २०१० मध्ये बास्केटबॉलच्या प्लस-मायनसला लावून दाखवली, आणि तिथे ती फार उपयोगी पडते. सगळे अंदाज थोडे शून्याकडे ओढायचे, म्हणजे थोड्या माहितीवर कोणाचा आकडा भलताच वर किंवा खाली जात नाही. मी तीही लावली. दोघींचे आकडे तंतोतंत सारखे आले.

“मंग सारख्याच आहेत दोघी,” सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती.

इथे मला अडून बसावं लागलं. मी फळ्यावर लिहिलं: समजा दोघींचा मिळून वाटा सहा आहे. तो सहा आणि शून्य असू शकतो, तीन आणि तीन असू शकतो, दहा आणि उणे चारही असू शकतो. आपलं रजिस्टर तिन्हींना सारखाच होकार देतं. रिज पद्धत यातून दोन्ही आकड्यांच्या वर्गांची (आकडा गुणिले तोच आकडा) बेरीज सर्वात लहान असलेली जोडी उचलते. तीन-तीनच्या वर्गांची बेरीज अठरा, सहा-शून्यची छत्तीस, दहा-उणे चारची एकशे सोळा. म्हणून तीन-तीन. हा समसमानपणा सूत्रातून आला आहे, पोरींच्या खेळातून नाही.

सरांच्या घरी कपाशी असते. त्यांना म्हटलं, नवं वाण लावलं त्याच वावरात जास्तीचं खत टाकलं आणि जुन्या वाणाला टाकलंच नाही, तर उतारा वाढला तो कशानं, हे अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला माणूस तरी सांगू शकेल का? ते लगेच म्हणाले, “नाई सांगू शकत. आडवंतिडवं लावून पाहा लागते.”

नेमकं तेच करायचं होतं. यादी पाठवायला सरांनी थोडी मुदत मागून घेतली. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे दुपारपर्यंत एसटीची घाई नाही. पाच-पाच मिनिटांचे डाव ठेवले. प्रत्येक डावाआधी चिठ्ठी काढायची: दोघी एका बाजूला, दोघी समोरासमोर, एक आत एक बाहेर, किंवा दोघी बाहेर. चिठ्ठीचा आग्रह माझा होता. सरांनी मनाने ठरवलं असतं, तर नकळत एकीला सोपी टीम मिळाली असती. बाकीच्या मुलीही चिठ्ठ्यांनीच वाटल्या.

पहिल्यांदा समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा दोघी गोंधळल्या. सात नंबरने सवयीने चेंडू अकराकडे फेकला, म्हणजे समोरच्या टीमला दिला. मैदानाच्या कडेला हशा पिकला. पण दोन-तीन डावांनंतर त्या वेगळ्या खेळू लागल्या आणि मला खेळाडू म्हणून प्रथमच वेगवेगळ्या दिसल्या. सात नंबर उडी मारून बोर्डवरून परतलेला चेंडू खेचून आणायची. अकरा नंबर अंगावर दोघी धावून आल्या तरी चेंडू सोडायची नाही. आठ सेकंदांत चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो, ते काम ती शांतपणे करायची. एकत्र असताना अवघड वेळी सात नंबर चेंडू तिच्याकडे देऊन मोकळी व्हायची, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी आकडे मांडले. एनए गेलं होतं. अकरा नंबरचा अंदाज थोडा वर होता, पण दोघींमधल्या फरकाची स्टँडर्ड एरर, म्हणजे तो अंदाज साधारण किती चुकू शकतो याचं माप, त्या फरकाहून मोठी निघाली. एका शनिवारात याहून जास्त मिळणार नव्हतं. मी कागदावर फरक लिहिला, त्याच्याखाली एरर लिहिली, आणि त्याखाली ठळक अक्षरात, ‘या आकड्यावरून दोघींपैकी कोणालाही वगळू नये.’ सही केली.

सरांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “आपल्याकडं चेंडू वर आननारी एकच पोरगी हाये. ती दमली का खेळ बसते. मले अकरा नंबर लागते.” हा निर्णय खेळाचा होता आणि त्यांचा होता. मला तो पटला.

सोमवारी सात नंबर माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

“मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरनं मले काढलं काय?”

मी तिला आत बसवून तो कागद दाखवला. तिने माझी सही आणि ठळक ओळ वाचली. मग सरांनी अकरा नंबरला का घेतलं, तेही मी सांगितलं. चेंडू वर नेणारी दुसरी मुलगी हवी होती, आणि तुझं बळ बोर्डखाली आहे. ती रडली. मी रडू दिलं. नंतर तिनेच विचारलं, “मी बाहेर बसली असली, तवाचे गुन बी लिहिता का तुमी?” मी म्हटलं, हो, तू नसताना टीमचं काय होतं, त्यावरूनच तर तुझा वाटा कळतो.

सुट्टीनंतर एसटीची वेळ अर्ध्या तासाने पुढे न्यावी म्हणून शाळेने आगाराकडे अर्ज दिला आहे, उत्तर यायचं आहे. तोवर शनिवारचे चिठ्ठ्यांचे डाव सुरू आहेत. पहिली राखीव म्हणून सात नंबर रोज सरावाला येते आणि सर तिला चेंडू वर न्यायला शिकवत आहेत.