आत्याच्या ओव्या आणि सात दिवसांची मुदत

कॉपीराइटच्या तक्रारीचा फॉर्म भरताना एका प्रश्नापाशी माझं बोट अडलं. ‘या कलाकृतीचे मालक तुम्ही आहात का?’ हो म्हणावं तर खात्री नाही, नाही म्हणावं तर फॉर्म पुढे सरकेना.

झालं असं होतं. मार्गशीर्षात माझ्या सिन्नरच्या आत्याकडे लग्न होतं. हळद दळायला माळ्यावरचं जातं खाली काढलं आणि आत्या त्यापाशी बसली ती उठेचना. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण एकामागून एक ओवी. जातं घरातून हद्दपार झालं तेव्हाही तिच्या ओव्या थांबल्या नव्हत्या; सिन्नरात विड्या वळणाऱ्या बायांमध्ये बसून ती गातच राहिली. मी फोन पाटावर ठेवला आणि बावीस मिनिटं रेकॉर्ड केली. नाशिकला परतल्यावर त्यातल्या तीन ओव्या जुन्या गाण्यांच्या एका ग्रुपवर टाकल्या. तीनच आठवड्यांत मला माझ्याच घरातला आवाज परत फॉरवर्ड होऊन आला. मागे बासरी, कोपऱ्यात कुठल्याशा चॅनेलचा लोगो आणि खाली ‘पारंपरिक ओवी’. आत्याचं नाव कुठेच नाही.

रागाच्या भरात तो फॉर्म उघडला होता. तिथे अडल्यावर मात्र कायदा वाचावा लागला. दोन रात्री गेल्या त्यात.

१९५७ चा आपला कॉपीराइट कायदा या एवढ्याशा क्लिपकडे एक वस्तू म्हणून बघतच नाही. रेकॉर्डिंग वेगळं, गाणं वेगळं, शब्द वेगळे. रेकॉर्डिंगचा हक्क, ज्याने पुढाकार घेऊन ते केलं त्याचा, म्हणजे माझा. रेकॉर्डिंग प्रसिद्ध झाल्यावर तो ६० वर्षं टिकतो. गायनाचा हक्क गाणाऱ्याचा, म्हणजे आत्याचा, ५० वर्षं. आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून गाणाऱ्याला ‘हे मी गायलंय’ असं नाव मागण्याचाही हक्क आहे. यातल्या कशासाठीही नोंदणी लागत नाही. मला वाटत होतं, नोंदणी नाही म्हणजे आपण रिकाम्या हाती.

शब्दांचं काय? आईकडून लेकीकडे आलेल्या ओवीवर कुणाचाच कॉपीराइट नाही, तिथे ‘पारंपरिक’ बरोबरच. पण त्या तिघींमधली एक ओवी अशी होती:

सिन्नरची गाडी, मोहदरीच्या घाटात
बंधू माझा उभा, शिदोरी त्याच्या हातात

ही कुठल्या पणजीची असणार? मोहदरी घाटात एसटीत उभा राहून आलेला तो भाऊ म्हणजे माझे वडील. ओवी आत्याची स्वतःची, आणि स्वतः रचलेल्या शब्दांवरचा हक्क तिच्या हयातभर आणि नंतर ६० वर्षं. थोडक्यात, क्लिपच्या तीन हिश्शांतला एकच माझा. ग्रुपवर टाकताना मी आत्याला विचारलं होतं का? नव्हतं. चॅनेलवाल्यावर चिडायचा माझा हक्क तिथेच निम्मा झाला.

तक्रार बाजूला ठेवली. विचार केला, आधी हे रेकॉर्डिंग नावानिशी नीट कुठेतरी ठेवू, म्हणजे ‘पारंपरिक’ म्हणणाऱ्याला दाखवता येईल. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्याही गाणारणीच्या नावागावासह. माझी बावीस मिनिटं त्यापुढे काहीच नाहीत, पण रीत तीच हवी. मी विकिमीडिया कॉमन्स निवडलं, म्हणजे विकिपीडियाच्या मागचं, कुणालाही वापरता येणाऱ्या फोटो-आवाजांचं भांडार. तिथे फोनची एम४ए फाइल चालत नाही, ती ओजीजीत बदलून घेतली. परवान्याच्या रकान्यात क्रिएटिव्ह कॉमन्सचा बीवाय-एसए ४.० निवडला, म्हणजे नाव लावून आणि त्याच अटींवर कुणालाही वापरू देणारा मुक्त परवाना, आणि ‘माझं स्वतःचं काम’ यावर टिचकी मारली.

दुसऱ्या दिवशी फाइलवर सूचना. गाणारी व्यक्ती अपलोड करणारी नाही, तिची परवानगी दिसत नाही, सात दिवसांत मिळाली नाही तर फाइल काढली जाईल. चूक माझीच होती. पुन्हा तीच.

रविवारी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून सिन्नरची बस धरली. जाताना मनात वाक्यं जुळवत होते: मुक्त परवाना, श्रेयनिर्देश, समान अटी. आत्यासमोर बसल्यावर यातलं एकही तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, “आत्या, तुझ्या ओव्या कुणीही ऐकल्या, कुणीही वापरल्या, कुणी त्यावर पैसे कमावले, तरी चालेल का? फक्त तुझं नाव लावायचं, आणि त्यात काही बदल करून पुढे दिलं तर त्यालाही हीच अट.”

पैशांचं मी मुद्दाम दोनदा सांगितलं. धंद्यासाठी वापर नको अशी अट घालणारा परवाना असतो, पण कॉमन्सवर तो चालत नाही. शिवाय एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्या कुणी जाहिरातीत वापरलं तर मला बोल लागू नये.

आत्या म्हणाली, “जात्यावर काय तिकीट लावलं व्हतं का मी?”

मग बराच वेळ गप्प. मग अटी सुरू झाल्या, आणि त्या कुठल्याच परवान्यात छापलेल्या नव्हत्या. जावेवरच्या दोन ओव्या काढून टाक, ती बाई अजून आहे. खोकला आहे तेवढा काप. आणि नाव माहेरचं घाल.

“माहेरचं?”

“मंग? वव्या माहेरच्या, नाव सासरचं कशाला?”

मला वाटलं, आता हे कुठे बसवायचं. घरी येऊन परवान्याचा मजकूर पुन्हा काढला तर त्यात सोय होती. देणाऱ्याने जसं नाव लावायला सांगितलं असेल तसं, वाजवी असेल तर, तसंच लावायचं. टोपणनाव सांगितलं तर तेही. आत्याची अट परवान्यात अलगद बसली. गाणाऱ्याचे आणि रेकॉर्डिंगचे हक्कही त्याच एका परवान्यात येतात, त्यामुळे वेगळा कागद लागला नाही.

तरी कागद झालाच. परवानगी हक्कदाराकडूनच हवी म्हणून आतेभावाच्या मुलाने आजीच्या नावाने ईमेल उघडला, तिने सांगितलं तसं कॉमन्सला मराठीत लिहिलं, खाली परवान्याचं नाव आणि फाइलचा दुवा. कायद्याने परवाना लेखी असला की पुरे, सहीची अट २०१२ लाच गेली. हे आत्याला सांगून पाहिलं. “सही नाही तो कागद कसला,” म्हणत तिने चष्मा मागवला आणि वहीच्या पानावर सावकाश, जोडाक्षरापाशी थांबत, सही केली. त्या पानाचा फोटोही ईमेलला जोडला.

उत्तर यायला वेळ लागला. तिथली तपासणी स्वयंसेवक करतात. मध्यंतरी सात दिवस उलटले आणि फाइल उडाली. मी हबकले, पण परवानगी मान्य झाली की उडालेली फाइल परत आणतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, शब्द कुणाचे? आम्ही ओव्यांची यादी केली. पारंपरिक कुठल्या आणि आत्याच्या कुठल्या, ते आत्याच फोनवर सांगत गेली. दोन ठिकाणी तिलाही ठरवता येईना. “अर्धी आईची, अर्धी माझी,” म्हणाली. तसंच लिहिलं. पुढच्या आठवड्यात फाइल परत आली. जावेच्या दोन ओव्या आणि खोकला कापून बरोबर साडेअठरा मिनिटं.

चॅनेलवाल्याला तक्रार केली नाही. साधा निरोप पाठवला: एसटीची ओवी या बाईंची आहे, नाव असं लिहा, हा दुवा. तीन दिवसांनी ‘पारंपरिक’ गेलं आणि नाव आलं. आडनावातला ‘ळ’ त्यांनी ‘ल’ केलाय. पुन्हा लिहिलंय.

नातवाच्या फोनवर पूर्ण फाइल ऐकून आत्याचा मला फोन आला. मला वाटलं खूश असेल. “चौथ्या ओवीत चुकले गं मी,” म्हणाली. “ये परत. जातं अजून वर टाकलं नाही.”