आमची वाटचाल : जांभळ्या तारेचा हिशेब

रत्नागिरीत रामआळीच्या मागच्या अंगाला, जुन्या कौलारू चाळीत दहा बाय बाराचा गाळा आहे. 2001 च्या दसऱ्याला आम्ही तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल टाकलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. माझ्याकडे मुंबईत केलेल्या हार्डवेअरच्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं, त्याच्याकडे हात होता. तो आधी टीव्ही-टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात होता. सोल्डरिंगचा डाग असा द्यायचा की बोर्ड उलटा धरून पाहिला तर कंपनीचा डाग कुठला आणि त्याचा कुठला, ते मलासुद्धा ओळखता यायचं नाही.

पहिल्या दिवशी दुकानात होतं ते एवढंच. एक मल्टीमीटर, 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, फणसाच्या फळीवर ठोकलेला सिरीज बोर्ड आणि बाबांनी दिलेलं लाकडी कपाट. सिरीज बोर्ड मित्राने स्वतः बनवलेला, 100 वॅटचा पिवळा बल्ब लावून. संशयातला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारी पेटी, थेट 230 व्होल्टवर लावायचा नाही, आधी या बल्बातून लावायचा. बल्ब एकदा लकाकून मंद झाला तर आतला फिल्टर कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) चार्ज होऊन सप्लाय जागेवर आहे. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, मॉसफेट नाहीतर ब्रिज, यातला एखादा भाग गेलेला. फ्यूज बदलून परत धडाम् करायची वेळ येत नाही. आज नवी मुलं दुकानात शिकायला येतात, त्यांना मी पहिले पंधरा दिवस हाच बल्ब बघायला बसवतो. आणि दुसरं सांगतो, की प्लग काढला म्हणजे एसएमपीएस मेला असं समजू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरांत तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असतात. बल्बाच्या वायरी लावून ते उतरवा, मीटर लावून शून्य बघा, मगच बोट घाला.

तेव्हा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचा. मी रात्रीच्या लक्झरीने जायचो, दिवसभर फिरून रात्रीच्या गाडीने परत. मांडीवर मदरबोर्डचे खोके आणि खिडकीतून पावसाचे सपकारे.

आमचं पहिलं बांधलेलं गिऱ्हाईक म्हणजे छापखान्यातले काका. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीच्या आरत्यांची पुस्तकं हे त्यांचं काम. खिळे जुळवायचं सोडून त्यांनी नुकतंच पेजमेकर आणि श्रीलिपी घेतलं होतं. त्यांचा कॉम्प्युटर पहिल्यांदा आला तो जळका वास घेऊनच. मागचा 115-230 व्होल्ट निवडायचा लाल स्विच साफसफाई करताना पोराने सरकवला आणि प्लग लावल्याबरोबर आवाज झाला. मित्राने दोन्ही फिल्टर कॅपॅसिटर आणि फ्यूज बदलले, ब्रिज तपासला आणि त्या स्विचवर एम-सीलचा गोळा बसवला. काका म्हणाले, "आता हा पुन्हा कोणी हलवू शकत नाही ना?" मित्र म्हणाला, "काका, मी पण नाही." त्या दिवसापासून आजपर्यंत काकांच्या मशीनला दुसऱ्या कोणाचा स्क्रू ड्रायव्हर लागलेला नाही. एसएमपीएसची ती पेटी अजून आमच्या कपाटात आहे, एम-सीलसकट.

मधली काही वर्षं बरी गेली. भारनियमन होतं, त्यामुळे यूपीएसचा धंदा चांगला झाला.

मग 2008 च्या जूनमध्ये तालुक्यातल्या एका शाळेची ऑर्डर मिळाली. कॉम्प्युटर लॅब, 18 मशीन. आमच्यासारख्यांना ही ऑर्डर म्हणजे केवढी होती ते या धंद्यात असणाऱ्याला सांगायला नको. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता वर्षभर लॅब नीट चालल्यावर. दोन दिवस आणि दोन रात्री सगळी मशीन दुकानात चालू ठेवून तपासली. व्होल्टेज सगळे बरोबर होते. एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवर 12, लालवर 5, नारिंगीवर 3.3 आणि जांभळ्यावर 5.05. मी स्वतः वहीत लिहिलेत ते आकडे.

फेब्रुवारी 2009 मध्ये, प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर, मुख्याध्यापकांचा फोन आला. "तुमचे कॉम्प्युटर झोपले की उठतच नाहीत हो."

मशीनवर विंडोज एक्सपी होती आणि वीस मिनिटांनी स्टँडबाय लावलेला, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एस थ्री, म्हणजे झोपेत फक्त रॅमची आठवण जागी. मुलं मधल्या सुट्टीत गेली की मशीन झोपायचं. परत येऊन माउस हलवला की पंखा फिरायचा आणि स्क्रीन काळाच. मागची वायर काढून, मिनिटभर थांबून पुन्हा लावली की मशीन नव्यासारखं सुरू. मी गेलो की नेमकं सगळं चालायचं. आधी रॅम काढून खोडरबराने पिना घासल्या, कारण आपल्याकडे खारी हवा, पिनांवर हिरवट थर धरतोच. फरक पडला नाही. बायोस अपडेट केला, मदरबोर्डवरचे सीएमओएसचे छोटे सेल बदलले, एका मशीनला नवा मदरबोर्डसुद्धा घातला. चार दिवस बरा चालला, पाचव्या दिवशी तोही झोपला तो झोपलाच.

आणि त्याच महिन्यात शहरात काचेच्या दरवाज्याचं, एसी लावलेलं एक दुकान उघडलं होतं. त्याचा माणूस शाळेत जाऊन म्हणाला की असेम्बल केलेला माल असाच असतो, मदरबोर्ड सगळे बाद आहेत, आम्ही बदलून देतो. मुख्याध्यापकांनी त्याच्याकडून चार मदरबोर्ड बदलून घेतले. बिल दिलं, ताबडतोब आणि रोख. आमची फेरी मात्र फुकट, एसटीचं तिकीटही आमचंच. बाजारात बोलणं सुरू झालं. दोन पतसंस्थांनी वार्षिक देखभालीचा करार पुढे चालू ठेवला नाही. उधारीवर माल देणारा मुंबईचा व्यापारी म्हणाला, आधी मागचे द्या. मार्चअखेर गाळ्याचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं आणि मी बायकोला सांगून टाकलं की आंब्याच्या सीझननंतर बंद करू.

शाळेने किल्ली दिली तो शेवटचा शनिवार होता. आम्ही संध्याकाळी गेलो आणि अठराही मशीन एकदम झोपवली. त्यात काचेच्या दुकानवाल्याने मदरबोर्ड बदललेली चारही होती. तेवढ्यात लॅबमधल्या ट्यूबलाइट गेल्या. खोली काळोखी. अठरा माउस उलटे करून ठेवले होते, त्यांचे तांबडे दिवे तेवढे दिसत होते. मला वाटलं, आता घरी जाऊ. मित्र खुर्चीवरून उठला नाही.

म्हणाला, "हे बघ. काही दिवे थरथरतायत."

मी बघितलं. खरंच, काही दिवे स्थिर होते आणि काही अगदी बारीक लुकलुकत होते, समईला वारा लागावा तसे. बसून मोजले, अकरा. ट्यूबलाइट असताना हे कोणालाही दिसलं नसतं. एकेक मशीन उठवत गेलो. स्थिर दिव्याची सातही उठली. लुकलुकणाऱ्या अकरांपैकी एकही उठलं नाही. आणि मदरबोर्ड बदललेली चारही त्या अकरात होती.

झोपलेल्या मशीनमध्ये काय जागं असतं? बारा व्होल्ट बंद, लाल बंद, नारिंगी बंद. फक्त जांभळी तार जागी, पाच व्होल्ट स्टँडबाय. माउसचा दिवा तिच्यावर, रॅममधली सगळी आठवणही तिच्यावर. ती डगमगली की रॅम पुसली जाते आणि मशीन उठायला जातं तेव्हा उठण्यासारखं आत काही उरलेलं नसतं. मदरबोर्डचा यात काही संबंध नव्हता.

मग दुकानात मला का दिसलं नाही? कारण मीटर लावला की नुसता मीटर लागतो, लोड म्हणजे वीज ओढणारं काही लागत नाही. मोकळ्या तारेवर मरणारा सप्लायसुद्धा 5.05 दाखवतो. त्या रात्री मित्राने 4.7 ओहमचा, 10 वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर घेतला, त्याला दोन क्लिपा लावल्या आणि जांभळ्या-काळ्या तारांमध्ये घातला. एक अँपिअरच्या थोडा वर लोड. पाच मिनिटांत रेझिस्टर हाताला चटका देईल इतका तापला आणि मीटरवर आकडा उतरत गेला. 4.9, 4.6, 4.3. नियमाने 4.75 च्या खाली जाता कामा नये. लेबलावर मात्र छापलंय, स्टँडबाय 2 अँपिअर.

एसएमपीएस उघडला. स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला चिकटून दोन कॅपॅसिटर होते, 10 व्होल्टचे, 85 डिग्रीपर्यंतच्या उष्णतेचे, डोकी फुगलेले. शाळेत बोर्डाचा मेन स्विच कोणी बंदच करायचं नाही. मशीन बंद असलं तरी स्टँडबायचं सर्किट रात्रंदिवस चालू, पत्र्याच्या छपराखाली. नऊ महिन्यांत आतलं रसायन सुकलं. अठरा पेट्यांना दोन-दोन, म्हणजे 36 कॅपॅसिटर, 16 व्होल्टचे आणि 105 डिग्रीचे. पाच रुपयांना एक. एकशे ऐंशी रुपये. तेवढ्यासाठी आमचं दुकान बंद व्हायच्या काठावर आलं होतं.

दोन रविवार लॅबमध्ये बसून आम्ही सगळे 18 एसएमपीएस उघडले, कॅपॅसिटर बदलले, प्रत्येक जांभळ्या तारेवर अर्धा तास रेझिस्टर लावून आकडे लिहून दिले. एकही पैसा घेतला नाही, कारण सप्लाय आमच्याच दुकानातून गेला होता. ती चूक माझी होती आणि मी ती मुख्याध्यापकांसमोर बोलून दाखवली. त्यानंतर ती लॅब सात वर्षं चालली. परंतु शेवटचा हप्ता आम्हाला मिळाला नाही. 40,000 रुपये. "वर्षभर नीट चालली नाही," एवढंच उत्तर. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या इमारतीची ऑर्डर निघाली ती काचेच्या दुकानाला गेली. ज्याने चार चांगले मदरबोर्ड काढून नेले, त्याला.

त्या काळात काका रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे. काही दुरुस्त करायचं नसायचं. लोकांना दिसेल असे बाहेरच्या बाकावर बसायचे, पेपर वाचायचे. एप्रिलमध्ये त्यांनी छापखान्याची तीनही मशीन वार्षिक करारावर आमच्याकडे दिली आणि वर्षाचे पैसे आगाऊ दिले. थकलेलं भाडं त्यातून गेलं. मित्र 2010 साली आखातात गेला, तिथे मोठ्या इमारतींच्या देखभालीचं काम करतो. तो रेझिस्टर त्याच्या त्याच क्लिपांसकट मी अजून वापरतो. मध्ये एकदा मापून बघितला, 4.7.

आता थोडं सगळ्यांसाठी, कारण दर आठवड्याला हीच मशीन समोर येतात.

झोपून उठत नसेल तर आधी मदरबोर्ड बदलू नका. माउसच्या दिव्याकडे बघा, मग जांभळ्या तारेवर लोड टाकून मापा. उलटंही होतं. काही स्वस्त सप्लायमध्ये स्टँडबायचा एक बारका कॅपॅसिटर सुकला की व्होल्टेज उतरण्याऐवजी चढतं आणि नवा मदरबोर्डही घेऊन जातं. म्हणून जुन्या सप्लायवर नवा बोर्ड चढवण्याआधी जांभळी मापल्याशिवाय आमच्याकडे पुढे जात नाहीत. मशीन रात्री आपोआप उठत असेल तर सप्लायला दोष देऊ नका, कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लास्टवेक विचारा, शेवटी कोणी उठवलं ते कळतं, बहुतेक वेळा नेटवर्क कार्ड नाहीतर माउस सापडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याची उठवायची परवानगी काढा. आणि आगोटीच्या दिवसांत, विजा कडाडत असताना, मशीन झोपवून जाऊ नका. हायबरनेट करा, वायर भिंतीतून काढा. हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर लिहिलेलं असतं, जांभळ्या तारेची गरजच नाही. मे 2021 च्या तौक्ते वादळात ज्यांनी वायर काढली नव्हती, त्यांच्या पेट्यांची रास दुकानात दारापर्यंत आली होती.

कॅबिनेटला हात लावून मुंग्या आल्या तर हसण्यावारी नेऊ नका. अर्थिंग नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे खाली सगळा जांभा, उन्हाळ्यात तो ठणठणीत कोरडा पडतो आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात नावालाच राहते. खड्ड्यात कोळसा-मीठ घाला, एप्रिलपासून रोज बादलीभर पाणी ओता. न्यूट्रल आणि अर्थमध्ये तीन व्होल्टच्या वर आले की आम्ही मशीन जोडून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (वीज एकसारखी ओढणारा) चांगला सप्लाय घेतलात तर त्याला स्वस्तातला चौकोनी लहरीचा यूपीएस जोडू नका. लाईट गेली की मशीन बंद पडेल आणि तुम्ही सप्लायला शिव्या द्याल.

काचेचं दुकान आता तिथे नाही. आम्ही त्याच गाळ्यात आहोत, कौलं बदलून पत्रा घातला एवढंच. काका आता छापखान्यात फारसे येत नाहीत, मुलगा बघतो, पण त्याचंही मशीन आमच्याकडेच येतं. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला नवी वही आणतो. कुंकू लावून झालं की पहिल्या पानावर, इतर काही लिहायच्या आधी, मी एक ओळ पुढे ओढतो. शाळा, लॅब, 2008, मागील बाकी 40,000.