डोळा हलतो, पण थांबत नाही: सॅकेड मॉडेलची नोंद

नजर एका जागेवरून दुसरीकडे झटकन उडी मारते, तिला सॅकेड म्हणतात. मी संगणकावर त्या उडीचं मॉडेल बनवतो आहे, आणि मागच्या नोंदीत त्यातला डोळा पहिल्यांदा हलला होता. या खेपेला तो थांबेचना, आणि महिना त्यातच गेला.

आधी मोजणीचं सांगतो. अमळनेरला मे महिन्यात दिवसा माळ्यावर बसवत नाही, म्हणून सगळं काम रात्री दहानंतर. भिंतीपासून एक मीटरवर बसलो, मधल्या खुणेपासून 17.6 सेंटिमीटरवर दुसरी खूण केली, म्हणजे बरोबर 10 अंश. पुतण्याने बॅटरी धरली, मोबाईलचा कॅमेरा सेकंदाला 240 फ्रेमवर लावला आणि एका खुणेवरून दुसरीकडे नजर टाकली. व्हिडिओ सावकाश चालवला तसा तो ओरडला, "काका, तुना डोया उड्या मारस!" उडीला दहा फ्रेम लागल्या, म्हणजे 42 मिलिसेकंदांच्या आसपास. 20 अंशांना पंधरा-सोळा. उडीला लागणारा वेळ 21 मिलिसेकंद अधिक दर अंशाला 2.2, हे ठरलेलं गणित घरच्या भिंतीवर जुळलं तेव्हा फार आनंद झाला. कमाल वेग मात्र या कॅमेऱ्यावर विश्वासाने काढता येत नाही. शिखर दोन फ्रेमच्या मध्येच निसटतं.

आता मॉडेल. सांगाडा डोळ्यांच्या हालचालींचे संशोधक डेव्हिड रॉबिन्सन यांचाच. खोबणीतला डोळा स्प्रिंगच्या जड दारासारखा आहे: उघडायला हिसका लागतो आणि उघडं ठेवायला हात लावून धरावा लागतो. हिसका देतात ब्रेनस्टेममधले, म्हणजे मेंदूच्या देठातले, बर्स्ट न्यूरॉन (एकदम जोरात पेटणाऱ्या चेतापेशी). त्याच हिसक्याची बेरीज करून इंटिग्रेटर, म्हणजे बेरीज करणारा भाग, पुढचा जोर धरून ठेवतो. बेरीज गळकी असली तर डोळा हळूहळू मध्याकडे सरकतो; मुद्दाम गळती ठेवून तेही पाहिलं. उडी कुठे संपवायची हे डोळ्याने पाहून ठरत नाही, कारण दृष्टीची बातमी पोचेपर्यंत उडी संपलेली असते. म्हणून किती अंतर कापलं आणि किती उरलं याचा हिशेब मेंदूला आतल्या आत ठेवावा लागतो.

गोची या हिशेबाच्या आतल्या फेऱ्यातच झाली. बर्स्टची कमाल 600 अंश प्रतिसेकंद, उरलेलं अंतर कमी होईल तसा जोर उतरण्याचं माप 3 अंश, आणि फेऱ्यात 10 मिलिसेकंदांचा उशीर धरला. डोळा खुणेपाशी पोचला आणि तिथेच सेकंदाला जवळपास 25 वेळा थरथरत राहिला. आठवडाभर मी कोडमध्ये चूक शोधत होतो, चूक नव्हतीच. इतका जोर आणि इतका उशीर एकत्र आले की डोलणं येणारच. झी आणि रॉबिन्सन यांनी 1979 मध्ये काही रुग्णांच्या डोळ्यांची थरथर याच वाटेने समजावून दिली होती. माझ्या पडद्यावर तीच थरथर आपोआप उगवलेली पाहून अंगावर काटा आला.

मग पॉज न्यूरॉन घातले. नजर स्थिर असताना हे अखंड चालू असतात आणि बर्स्टला दाबून धरतात. उडीपुरते गप्प होतात. ते आले आणि थरथर त्याच रात्री गेली.

पण डोळा खुणेच्या तीन-चार अंश पुढे जाऊन थांबू लागला. हिशेबात अंतर शून्य दिसतं तेव्हा ती बातमी 10 मिलिसेकंद शिळी असते. हिशेबात पाच-सहा अंश उरले असतानाच ब्रेक लावला, म्हणजे पॉज न्यूरॉन पुन्हा चालू केले, की उडी बरोबर बसते. मात्र हा आकडा मी हाताने कोंबलेला आहे, 5 अंशांच्या छोट्या उडीला तो चालत नाही, आणि मला तो पटलेला नाही. तुमच्यापैकी कोणी उशीर कमी ठेवून थरथर टिकवली असेल तर जोराचा उतार किती घेतला ते जरूर कळवा.

लहान मेंदूतलं फास्टिजियल केंद्रक बंद पाडलं की त्याच बाजूच्या उड्या लांबतात, हे माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माझ्या मॉडेलची खोडही नेमकी तीच. म्हणून आता ब्रेकची वेळ हाताने न ठरवता ती लहान मेंदूच्या वेगळ्या शाखेतून आणतो आहे. 5, 10 आणि 20 अंशांच्या आलेखांसाठी वही आखून ठेवली आहे.