बॉनेटवरचा मानकुरादचा चीक: आयपीएने पुसलं आणि डाग परत हजर

मागच्या अपडेटमध्ये गाडीचे दरवाजे, छत आणि डिकी पॉलिश होऊन उरलं होतं फक्त बॉनेट. त्याचा निकाल परवा संध्याकाळी लागला असं वाटलं. डीएवर (ड्युअल अॅक्शन पॉलिशिंग मशीनवर) मध्यम कटिंगचं फोम पॅड, कंपाउंडचे चार थेंब, आडवे-उभे पास. टॉर्च मारून बघितलं तर स्वर्ल (गोल गोल बारीक ओरखडे) गायब, आंब्याच्या चिकाचे काळपट डाग गायब, आणि निळा रंग इतका खोल दिसायला लागला की मी आजीला बाहेर बोलावून दाखवला. मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसून घेतलं, तर डाग परत हजर. सगळे नाहीत, पण मधले मुगाएवढे आणि एक लांब ओघळ जसाच्या तसा. कंपाउंडमधलं तेल खड्ड्यांत बसलं होतं म्हणून ते दिसत नव्हते. नवीन मंडळींना कळकळीने सांगतो, आयपीएने पुसल्याशिवाय टेस्ट स्पॉट (आधी करून बघायचा छोटा तुकडा) पास झाला म्हणू नका.

गाडी अंगणात मानकुराद आंब्याच्या झाडाखाली उभी असते, दुसरी जागा नाही. त्यामुळे बॉनेटवर दोन वेगळ्या गोष्टी पडतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा गोड चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. ती साखरच असते, त्यामुळे कोमट पाणी आणि साधा पीएच न्यूट्रल शॅम्पू पुरतो. खरा शत्रू देठाचा चीक. आंबे उतरवताना देठ मोडला की तो जोरात उडतो. ज्याने खुद्द आंब्याची साल काळी पडते, तो उन्हात तापलेल्या क्लिअर कोटला (रंगावरच्या पारदर्शक थराला) कसा सोडेल?

डागांवर आधी टार रिमूव्हर लावला होता. वरचा राळेसारखा थर निघाला, खालचा धब्बा राहिला. लोखंडाच्या कणांवर जांभळा होणाऱ्या आयर्न रिमूव्हरने डागांवर काहीच रंग धरला नाही. चाकांमागे आणि दरवाज्यांच्या खालच्या भागात मात्र जांभळे ओघळ सुटले, ती ब्रेकची धूळ. क्ले बारचा (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ वडीचा) रंग छतावरच विटकरी झाला. तो खाणीच्या लाल धुळीचा, हे डिचोलीत राहणाऱ्यांना सांगायला नको. बॉनेटवर क्ले गुळगुळीत फिरत होता, पण डागावर नख नेलं की कडेला किंचित अडकायचं. म्हणजे वर काही चिकटलेलं नाही, क्लिअर कोटच खाल्ला गेलाय.

काल उष्णतेचा प्रयोग केला. गरम पाण्यात पिळलेला मायक्रोफायबर डागावर दाबून धरायचा, मग हेअर ड्रायर लांबून फिरवायचा. उष्णतेने क्लिअर कोट थोडा सैल होऊन कडा खाली बसतात असं वाचलं होतं, आणि खरंच बसल्या! नख आता कुठेच अडकत नाही. बोट फिरवून फिरवून मी ती जागा शोधत होतो.

त्यानंतर ३ इंची बॅकिंग प्लेट (मशीनवर पॅड जिला चिकटतो ती चकती) आणि मायक्रोफायबर कटिंग पॅड. प्लेटसाठी म्हापशात फिरलो, पण जिथे तिथे रोटरी मशीनचीच दाखवली, शेवटी ऑनलाइन मागवली. माझं मत पक्कं झालंय: कंपाउंडवर जास्त पैसे घालण्याआधी लहान प्लेट आणि दोन जास्तीचे पॅड घ्या. छोट्या पॅडने दाब नेमका डागावर पडतो आणि प्रत्येक पासनंतर ब्रशने पॅड साफ केला की कट टिकतो. फिनिशिंगला मेग्वायर्सचं एम २०५ पॉलिश. आपल्या दमट हवेतही सहज पुसलं जातं. आयपीएनंतरही बारीक डाग गेलेले राहिले. तो ओघळ आणि दोन मोठे ठिपके मात्र तिरप्या उजेडात अजून दिसतात.

पुढची पायरी ३००० ग्रिटच्या बारीक पॉलिश पेपरने तेवढीच जागा ओली घासायची, असं काल रात्रीपर्यंत ठरलं होतं. पण क्लिअर कोट असतो साधारण ४०-५० मायक्रॉन, त्यात गाडी सेकंड हँड. बॉनेट आधी कितीदा पॉलिश किंवा रंगवलेलं आहे देव जाणे. रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजशिवाय हात लावणार नाही.

संरक्षणासाठी सिरॅमिक कोटिंग लावायचा बेतही हे लिहिता लिहिताच बदलतोय. जून तोंडावर आलाय, आणि कोटिंग नीट बसायला सुरुवातीला कोरडं ठेवावं लागतं. उघड्या अंगणात ते जमणार नाही. आता पॉलिमर सीलंटचे दोन हात, आणि सिरॅमिक दिवाळीनंतर, मोहर फुटायच्या आत.

तोवर नवे डाग पडू नयेत म्हणून आजीचा उपाय चालू केलाय. "हाताला चीक लागला की आपण काय करतो रे? तेल लाव, ओला आहे तोवर." आज सकाळी बंपरवर ताजा थेंब सापडला. खोबरेल तेलाचा बोळा मिनिटभर ठेवला, अलगद उचलला, मग शॅम्पू. आयपीएने पुसून टॉर्च मारला, खूणसुद्धा नाही. तेलाची छोटी बाटली आणि स्वच्छ मायक्रोफायबर आता कायम डिकीत.

फोंडा, म्हापसा किंवा पणजी भागात कोणाकडे पेंट गेज असेल तर कळवा. रविवारी गाडी घेऊन येतो. तुमच्या गाडीवर लहान पॅड वापरून बघायचा असेल तर मशीनही आणतो.