ट्रायथलॉनची तयारी अन् माझा उजवा गुडघा

हे सगळं सुरू झालं मागच्या कोजागिरीला. कोल्हापूरच्या ट्रायथलॉनला नाव दिलेलं, ऑलिम्पिक डिस्टन्स, म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल अन् १० किलोमीटर पळणं. वय ४३, दिवसभर खुर्चीतली नोकरी, पण अंगात असं वारं शिरलेलं की आठवड्याला १५ किलोमीटर पळणारा मी तीन आठवड्यांत २८ वर गेलो, वरून सायकलवर तुळजापूर. सोलापुरातून साधारण ४५ किलोमीटर, शेवटी घाट. रस्त्यावर देवीला चालत जाणाऱ्यांची रीघ लागलेली, म्हाताऱ्या बायका अनवाणी चालल्यात, अन् मी हेवी गियरवर दातओठ खात चढतोय, का, तर गियर हलका केला तर सोबतची पोरं हसतील.

तिथं देवळात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. गर्दी बघून गोमुख तीर्थापर्यंतच जायचं ठरवलं, पण चौथ्या-पाचव्या पायरीलाच उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली असं काही टोचलं की भिंतच धरली. चढताना काही नाही, उतरताना जीव जातोय.

घरी आल्यावर आईनं निरगुडीचा पाला शेकायला दिला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला, नॉर्मल आला, म्हणाले पळणं सोडा, वय झालं आता. दोन मिनिटांत मोकळे, माझ्याकडं नीट बघितलं पण नाही. महिनाभर पळणं बंद ठेवलं, दुखणं गेलं, मग खुशीत पार्क स्टेडियमच्या बाजूनं चार किलोमीटर पळालो अन् दुसऱ्या दिवशी परत जैसे थे. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते पण पहाटे, कमी दाबानं, म्हणजे खालून बादल्या भरून दुसऱ्या मजल्यावर न्यायच्या. त्या दिवशी रिकामी बादली घेऊन उतरताना मी एकेक पायरी आडवा होऊन उतरत होतो, अन् शेजारच्या काकू विचारतात, काय ओ, पडला काय?

शेवटी जुळे सोलापुरात एका फिजिओ मॅडमकडं गेलो. त्यांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी मला एका पायावर स्टुलावरून हळूहळू खाली उतरायला लावलं अन् माझ्याच मोबाईलवर व्हिडिओ काढला. बघितलं तर गुडघा पंजाच्या रेषेत राहायचं सोडून आत, अंगठ्याच्याही पलीकडं घुसतोय. म्हणाल्या, "सर, दुखतोय गुडघा, पण कामचुकारपणा वरचा चाललाय." म्हणजे कुल्ल्याचे स्नायू ढिले, त्यामुळं वाटीवर नको तसा ताण, त्यात मी अंतर एकदम वाढवलेलं. मग सायकलबद्दल विचारलं. मी सीट मुद्दाम खाली ठेवलेली, सिग्नलला दोन्ही पाय टेकायला. तर म्हणाल्या, पेडल पूर्ण खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला पाहिजे. माझा बराच वाकलेला राहायचा. सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो अन् वाटीच्या मागं दाब वाढतो, त्यात हेवी गियर. मी बिचाऱ्या पळण्याला शिव्या घालत बसलेलो, अन् निम्मं पाप सायकलचं!

सीट तीन टप्प्यांत मिळून दोन सेंटीमीटर वर घेतली, एकदम नाही. गियर हलका, पाय जलद. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा २२ वेळा वर यायला पाहिजे असं मोजायचो, म्हणजे मिनिटाला ८८. मित्र म्हणाला, "काय बे, सायकल चालवायलास का शिलाई मशीन?" चालवू दे म्हटलं. पळताना पावलं लहान अन् थोडी जास्त, मेट्रोनोम (ठेक्यावर टिकटिक करणारं ॲप) लावून मिनिटाला १५६ वरून १६४ वर नेली. पोहण्यात ब्रेस्टस्ट्रोक बंद, कारण ती बेडकासारखी लाथ गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण देते, नुसतं फ्रीस्टाईल.

व्यायाम एकदम बोअर. स्टेप-डाउन, भिंतीला टेकून बसणं, ब्रिज म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून पाय उचलणं, आठवड्यातून तीनदा. पाच-सहा आठवडे काडीचा फरक जाणवला नाही, मी सोडणारच होतो, पण मॅडमनी दुखणं शून्य ते दहामध्ये लिहायला लावलेलं, ते वहीत हळूहळू कमी होताना दिसायचं. तीनपर्यंत असलं अन् सकाळी जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त नसलं तर पळायचं, नाहीतर त्या दिवशी नुसतं पोहणं. आठव्या आठवड्यात पहिल्यांदा वहीत एक आला, अन् मी बायकोला उठवून दाखवला. ती ओरडली ते सोडा.

कोल्हापूरला ऑलिम्पिक सोडून स्प्रिंटला नाव बदलून घेतलं, ७५० मीटर, २० किलोमीटर अन् ५ किलोमीटर. आधी लाज वाटली, खोटं कशाला बोला. शेवटच्या किलोमीटरला दोन होता, घरी येऊन जिना उतरलो तेव्हा पण दोनच.

आता परत तुळजापूर रोडला जातो, घाटात सगळ्यात हलका गियर टाकतो, पोरं पुढं निघून जातात. वही चालू आहे अजून. उद्या पाणी यायचंय, म्हणजे सकाळी बादल्या, रन परवा.