टपावर जायची वाट : मोटरहोमनं इंदूर, महेश्वर, मांडू

फोर्स कंपनीची ट्रॅव्हलर व्हॅन बनते पीथमपूरला, म्हणजे आम्हा इंदूरकरांच्या अंगणातच. त्यामुळे इथं कुणाला मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, बांधायची हौस आली की पहिली नजर जाते ट्रॅव्हलरवर. दादानंही जुनी ट्रॅव्हलर घेतली, एका वर्कशॉपमध्ये आतलं काम करून घेतलं, आणि जूनच्या शेवटी आई, दादा, वहिनी, भाची आणि मी अशी वरात महेश्वर करून मांडूला जाऊन आली. घाट, किल्ला, माहेश्वरी साड्या यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे गाडीच्या टपाबद्दल. निमाडचा उकाडा आणि मांडूचा पाऊस एकाच फेरीत वाट्याला आला, तेव्हा टपाला पाडलेल्या भोकांची खरी परीक्षा झाली.

आधी टपावर काय काय आहे ते सांगते. ओट्याच्या वर १२ व्होल्टचा पंखा, १४ इंची चौकोनात बसणारा. अमेरिकन मोटरहोममध्ये हेच माप चालतं आणि पंखे त्याच मापाचे मिळतात. मधल्या वाटेवर ७०० बाय ५०० मिलिमीटरची मोठी हॅच, म्हणजे टपातली झाकणाची खिडकी, दुहेरी अ‍ॅक्रिलिकची. मागे बिछान्यावर ४०० बाय ४०० ची छोटी, ही मात्र इथंच बनवलेली, एकेरी झाकणाची. पुढच्या भागात सोलर पॅनल, मागच्या भागात कॅरियर, आणि मागे उजवीकडे लोखंडी शिडी. शिडी दारावर न लावता बॉडीच्या खांबावर लावली आहे. दारावर लावली की चढणाऱ्याचं सगळं वजन बिजागऱ्यांवर येतं, आणि दोन पावसाळ्यांत दार खाली बसतं. शिवाय शिडीनं नंबरप्लेट किंवा मागचा दिवा झाकला गेला तर पोलिसांना आयतंच निमित्त.

राऊ, महू करत जाम दरवाजापर्यंत खिडक्यांतून येणारी हवा पुरेशी होती. अहिल्याबाईंच्या काळातला हा दरवाजा पठाराच्या अगदी कडेवर उभा आहे. इथून माळवा संपतो आणि रस्ता घाटानं निमाडात उतरतो. फोटोसाठी सगळेच थांबतात, तुम्हीही थांबा, पण गाडी पुन्हा सुरू करण्याआधी टपाची सगळी झाकणं बंद आहेत ना ते हात लावून बघा. नुसतं बघून कळत नाही. अर्धवट मिटलेलं झाकण खालून मिटलेलंच दिसतं. झाकणाची बिजागरी गाडीच्या पुढच्या बाजूला हवी. मग चुकून उघडं राहिलंच तरी समोरचा वारा त्याला दाबून बसवतो. बिजागरी मागे असेल तर तोच वारा झाकणात शिरून ते उपटून काढतो. दादानं मोठ्या हॅचला चुंबकी स्विच लावून डॅशबोर्डवर लाल दिवा घेतला आहे, दारावरच्या चोरघंटीला असतो तसाच स्विच. खर्च किरकोळ, उपयोग मोठा.

मंडलेश्वर येईपर्यंत हवेचा नूर पालटला होता आणि महेश्वरला दुपारी गाडी उभी केली तेव्हा आत भट्टी. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गरम हवा वर साठते, म्हणून टपाला भोक हवं हे खरं. पण वरून जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी खालून आत यायला हवी. सगळ्या खिडक्या लावून पंखा फुल केला तर तो नुसता घरघरतो. सावलीच्या बाजूची, पंख्यापासून लांबची एकच खिडकी चार बोटं उघडली, बाकी सगळ्या बंद ठेवल्या, पंखा बाहेर फेकायला लावला, आणि आईच्या अंगावरून वारा वाहायला लागला. सगळ्या खिडक्या उघडल्या तर पंखा जवळच्या खिडकीतूनच हवा ओढतो आणि लांबचा माणूस घामातच राहतो. खिडकी कुठली उघडायची हे झोपणारा कुठं आहे त्यावर ठरवा.

मोठ्या हॅचमधून उजेड सुरेख येतो, आणि उजेडाबरोबर ऊनही. आतला पडदा ओढून ऊन थांबत नाही; ते झाकणातून आत आलेलंच असतं, पडदा आणि झाकण यांच्यामध्ये अडकतं. भर दुपारी काळा पडदा पूर्ण ओढून झाकण बंद ठेवलं तर मधली हवा इतकी तापते की अ‍ॅक्रिलिक वाकायची किंवा तडकायची भीती असते. सावली बाहेरून करा. आम्ही पांढऱ्या ताडपत्रीचा तुकडा वरून बांधला. त्यासाठी टपावर जावं लागलं, आणि म्हणून शिडी.

टपावर कशासाठी जायचं, हे गाडी बांधायच्या आधी स्वतःला विचारा. पॅनल पुसणं, ताडपत्री बांधणं, कॅरियरवरचं सामान काढणं, यासाठी बाहेरची शिडी पुरते. आतून हॅचमधून डोकं काढून टपावर चढायची कल्पना व्हिडिओत छान दिसते. प्रत्यक्षात झाकणाच्या काठावर बूट पडतो, रबर दबतं, आणि ज्या काठानं पाणी अडवायचं त्याचीच पायरी होते. भाचीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, आतून गेल्यावर जहाजावर गेल्यासारखं वाटतं.

मांडूला तिला जहाज दाखवलं. जहाज महालाच्या गच्चीवर जायचा रुंद जिना बाहेरूनच आहे. आणि तिथून जवळच, चंपा बावडीच्या बाजूला, जुना हमाम आहे. त्याच्या घुमटी छताला चांदण्यांच्या आकाराची भोकं आहेत, त्यातून उजेड आत येतो आणि वाफ बाहेर जाते. पंधराव्या शतकातल्या त्या बांधकामांत उजेड-वाफेची वाट छतातून आहे आणि माणसाची वाट भिंतीबाहेरून. दादा हमामात मान वर करून बराच वेळ उभा राहिला. वहिनी म्हणाली, “माझ्या भावाला कळवून टाका, तुझे भावजी आता घुमट बांधायला घेतील.”

महेश्वरकडे परत येते, कारण टपावरच्या बैठकीचं राहिलं. संध्याकाळी नर्मदेवरून वारा सुटतो आणि टपावर बसायचा मोह होतोच. बसण्यापूर्वी वर बघा. गावातल्या मोकळ्या जागांवरून विजेच्या तारा लोंबकळत गेलेल्या असतात. गाडीची उंची, तिच्यावर उभा माणूस, त्याचा वर केलेला हात, एवढी बेरीज केली की तार फार लांब राहत नाही. आम्ही पहिली जागा याच कारणानं सोडली आणि एका हॉटेलच्या आवारात विचारून उभे राहिलो. आभाळात वीज चमकत असेल तरी खाली उतरा. टपाचा पत्रा पातळ असतो, पाय नेहमी पत्र्याखालच्या आडव्या कमानींच्या रेषेवर ठेवा किंवा फळी टाकून वजन पसरवा. कमानी कुठून जातात ते आतलं फर्निचर बसायच्या आधी टपावर रंगानं खुणा करून ठेवलं तर पुढे अंदाज बांधावा लागत नाही. शिडीच्या पायऱ्यांत साधारण ३०० मिमी अंतर आणि प्रत्येक पायरीवर खरखरीत पट्टी हवी. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, कायम टेकलेले असावेत. म्हणजे सामान हातात घेऊन चढायचं नाही, दोरीनं ओढून घ्यायचं. घडीची शिडी वापरणार असाल तर चार फूट उंचीला एक फूट या हिशेबानं तिचा पाय गाडीपासून लांब ठेवा. आणि गाडी चालू असताना टपावर कुणी बसायचं नाही, पाच मिनिटांच्या अंतरासाठीही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२३ नं ते चालकाच्या माथी येतं. पडणाऱ्याचं काय होतं ते सांगायला कलम लागत नाही.

धामनोदहून मांडूकडे चढताना ढग गाडीच्या उंचीला आले. वर जाताना जुने दरवाजे लागतात, झाडांच्या फांद्याही खाली आलेल्या असतात. गाडीची उंची पॅनल, झाकण, कॅरियर सगळं धरून टेपनं मोजा आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. आमची सव्वानऊ फूट भरली. आरसीवर पाहून ठरवली असती तर कॅरियर राहिला असता.

मांडूत माकडं. मच्छरदाणीची जाळी माकडासाठी अडथळा नव्हे. गाडीत कुणी नसेल तर मोठी हॅच बंद, आणि हवेसाठी फक्त पंख्याचं झाकण बोटभर. शिडीचा खालचा टप्पा दादानं काढता येईल असा केला आहे तो मुलांनी चढू नये म्हणून. माकडं झाडावरूनच येतात.

रात्री पाऊस कोसळला. पहाटे आईच्या उशीवर थेंब. सगळ्यांनी एकमुखानं छोट्या हॅचला दोषी ठरवलं, कारण थेंब तिथूनच पडत होते. पण दादानं दोन गोष्टी तपासल्या, आणि ज्यांच्या गाडीत पाणी येईल त्यांनी याच क्रमानं तपासाव्यात. पहिली, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. संपूर्ण झाकण दवानं भरलेलं असेल तर ते पावसाचं पाणी नसून तुमच्याच श्वासांचं आहे. पाच माणसं रात्रभर बंद गाडीत झोपली, त्यात रात्री वहिनीनं खिचडी शिजवलेली; ती सगळी वाफ गार झाकणाला लागून पाणी झाली. मोठ्या हॅचचं झाकण दुहेरी असल्यानं कोरडं होतं, एकेरीचं ठिबकत होतं. इलाज म्हणजे पाऊस असला तरी पंखा अगदी हळू चालू ठेवणं आणि एक खिडकी किंचित उघडी. हवेची ही फट गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या गाडीत तर कायमच हवी, थंडीतसुद्धा.

दुसरी तपासणी : पाऊस थांबल्यावरही चौकटीच्या एकाच कोपऱ्यातून पाणी येत असेल तर ती गळती. आमच्याकडे तीही होती. फक्त पाणी मुरत होतं एकीकडे आणि झिरपत होतं दुसरीकडे. शिडीच्या वरच्या बोल्टातून आत शिरलेलं पाणी आडव्या कमानीवरून वाहत हॅचच्या कोपऱ्याशी येऊन पडत होतं. वर्कशॉपनं हॅचभोवती सीलंटचा ढीग ओतला होता आणि बोल्टाखाली साधं वॉशर. दुपारी उघडीप मिळाली तेव्हा बोल्ट काढला, जागा पुसून कोरडी केली, खाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, देऊन पुन्हा कसला. ओल्या पत्र्यावर ही टेप धरत नाही, म्हणून उन्हाची वाट बघावी लागली. तोवर हॅचला कुणी हात लावला असता तर चांगलं काम उगाच उखडलं गेलं असतं. बाहेरच्या प्रत्येक बोल्टाला आतून पट्टी हवी, नाहीतर पत्रा हळूहळू खड्डा धरतो आणि पाणी तिथंच साचतं.

नवं भोक पाडणाऱ्यांसाठी थोडं. दोन कमानींच्या मध्येच कापा, कमान कापू नका. कापायलाच लागली तर चौकोनी पाइपची चौकट आधी वेल्ड करून घ्या. कापलेली कड कानसून त्यावर लगेच प्रायमर मारा, गंज तिथूनच सुरू होतो. ट्रॅव्हलरच्या टपाला पन्हाळीसारख्या रेषा असतात. सपाट चौकट त्यांच्यावर ठेवली की खाली फटी राहतात आणि त्या नुसत्या सीलंटनं बुजवायच्या नसतात. आधी पन्हाळी भरून जागा सपाट करा, बोटभर उंच काठ द्या, म्हणजे साचलेलं पाणी चौकटीला टेकत नाही. चौकटीखाली ब्यूटाइल टेप, बाहेरून गाडीच्या कामाचं पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन बाथरूमला ठीक, पत्र्याला ते चावतं. इंदूरच्या सियागंज बाजारात मागितलं की पहिलं तेच हातात देतात, तेव्हा नाव सांगून मागा. झाकण पुसायला साबणपाणीच. थिनर किंवा स्पिरिट लागलं की अ‍ॅक्रिलिकवर बारीक तड्यांचं जाळं उमटतं. आणि सोलर पॅनल हॅचच्या इतकं जवळ नको की उघडं झाकण त्यावर सावली टाकील. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या पॅनलची वीज घसरते.

आता संकटकाळच्या वाटेचं, कारण माझ्या मते मोठ्या हॅचचं खरं काम तेच. निघण्यापूर्वी लोकमान्य नगरात घरासमोर आम्ही सगळ्यांना तिच्यातून बाहेर पडायला लावलं होतं. भाची सरसर गेली. मी खांदे तिरके करून गेले. दादा पोटाशी अडकला. आई खालून म्हणाली, “मला यातून काढायचं असेल तर आधी मला कापा.” पण उभ्या गाडीतून वर चढायचा हा प्रकार मुळात दुय्यम. गाडी कुशीवर पडते तेव्हा टप भिंत होतो, बाजूचं दार कदाचित खाली दबलेलं असतं, आणि हॅच जमिनीपासून थोड्या उंचीवर, रांगत बाहेर पडण्याजोगी येते. तशी गाडी पडल्यावर आईसुद्धा तिच्यातून निघू शकेल, दादाला मात्र याहून मोठं भोक लागेल. म्हणून तिच्यावर कॅरियर, सामान, पॅनल काही नको; कुलूप नको; आतून किल्लीविना आणि बाहेरून मदतीला येणाऱ्याला उघडता यायला हवी. छोट्या ४०० च्या हॅचवर ही भिस्त ठेवू नका, ती हवेची आहे. दादा पुढच्या दुरुस्तीत मागच्या दाराला आतून हँडल बसवून घेणार आहे.

परत येताना आम्ही धार, घाटाबिल्लोद करत आलो. माल वाहणाऱ्या गाड्यांची गर्दी सोडली तर हा रस्ता उंच गाडीला जाम घाटापेक्षा सोपा. जे आता गाडी घेऊन बांधायला बसणार आहेत त्यांनी टपाला जिगसॉ, म्हणजे विजेची करवत, लावण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनानं करता येत नाही, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. वर्कशॉपवाला “भिया, सब हो जाता है” म्हणतो; त्याच्याकडून ते कागदावर लिहून घ्या, मगच आगाऊ पैसे द्या.