वाचून झाल्यावरचे बोलणे

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून, म्हणजे १८९३ साली स्थापन झालेल्या संस्थेतून, आणलेली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी मी तिसऱ्यांदा वाचली आणि त्याच संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्ही चौघे वाचक तिच्याविषयी बोललो. दुष्काळाने धनगरांची वाडी ओस पडते, तो शेवट मला नेहमी तिथल्या शाळामास्तरांच्या एकटेपणाची गोष्ट वाटत आला होता. पण कादंबरीतल्याच माणदेशात बालपण गेलेल्या, आमच्यातल्या काकू मेंढरांविषयीच बोलू लागल्या, चारा संपल्यावर जनावरे कशी खंगत जातात हे सांगताना त्यांचा आवाज दाटून आला, आणि माझे वाचन किती अपुरे होते हे मला उमगले. (‘आवडले’ एवढाच अभिप्राय मला म्हणूनच पुरत नाही.) घरी येऊन मी शेवटची पाने पुन्हा वाचली, या वेळी मेंढरांकडे लक्ष ठेवून.